मारुतीचा सेट

बार गुडघ्यांच्या वर आला तेव्हाच विनयाच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. वजन जड लागत नव्हतं. ती सरळ उभी राहिली, समोरच्या आरशात तिनं स्वतःकडे आणि आपल्या मागे ट्रेडमिलवर चालणाऱ्या एका गृहस्थाकडे पाहिलं, बार खाली ठेवला आणि प्लेटा मोजल्या. डावीकडच्या, मग उजवीकडच्या. मग पुन्हा डावीकडच्या, कारण गुरुग्राममधल्या सोसायटीच्या जिममध्ये कोण कुठली प्लेट कुठे अडकवून जाईल याचा नेम नसतो. एकशे पंचेचाळीस किलो. एकोणिसाव्या वर्षी, रोजची संध्याकाळ त्या लोखंडाच्या पायाशी वाहून टाकून, तिनं उचललेलं सर्वांत मोठं वजन होतं एकशे चाळीस. आता ती छत्तीसची होती. कमरेच्या मणक्यांमधली एक चकती केव्हाच जागची सरकलेली होती. दिवसभर ती खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या पगारांचं सॉफ्टवेअर सांभाळत होती आणि आठवड्यातून दोन सकाळी, कॅब यायच्या आधी, खाली येऊन फक्त दोन सेट मारत होती. मन लावून मारलेले दोन सेट, आणि वर जाऊन पोहे. त्यापलीकडे काही नाही. ट्रेडमिलवरच्या गृहस्थानं कानातली बोंडं काढली आणि "क्या बात है जी" म्हणून अंगठा दाखवला. दुसरी कुणी असती तर नाचली असती. विनयाच्या कानशिलांत रक्त चढलं होतं, आणि ते वजनामुळे नव्हतं. ती संतापली होती, इतकी की बेल्टचं बक्कल तिला उघडता येईना.

दोन पुरतात, तर मग बाकीचे काय होते? कॅबमध्ये बसल्यावर हा प्रश्न तिच्या शेजारी येऊन बसला आणि ऑफिसच्या अकराव्या मजल्यापर्यंत सोबत आला. मीटिंगमध्ये कुणी चेन्नईहून काहीतरी समजावून सांगत होतं आणि विनया आवाज बंद करून मनातल्या मनात एका माणसाला उभं करत होती. शांताराम काका. ते कुणी सख्खे काका नव्हेत. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत मराठी घरं एकमेकांना धरून असत, आणि वडिलांच्या वयाचा प्रत्येक माणूस काका असे. हे मूळचे मिरजेचे, खेळाडूंच्या कोट्यातून केंद्र सरकारात लागलेले, एके काळी स्वतः नॅशनलला वजन उचललेले. दुपारी ऑफिसातून स्कूटरवर येत, चहा घेत आणि सेक्टरच्या बारातघराच्या मागच्या कोठारात जिम उघडत. पुढच्या हॉलमध्ये लग्नं लागत आणि मागे पोरं-पोरी लोखंड उचलत. लग्नाच्या दिवशी बँडचा आवाज भिंतीतून येई, तंदूरचा धूर खिडकीतून येई, आणि काका म्हणत, लक्ष द्यायचं नाही, नवरदेव पळून चालला नाही. ते विनोदी होते, हेही खरं. ते मुलींकडे कधी वाकड्या नजरेनं बघत नव्हते, आईबाप बिनघोर पोरी सोपवत, हेही खरं. विनयाला हे सगळं मान्य होतं आणि त्यामुळे तिचा राग कणभरही कमी होत नव्हता. उलट असा सज्जन माणूस डोळ्यांसमोर आला की तो राग जास्त नीट पेटे.

कोठारात एक फळा होता. त्यावर काका त्या दिवसाचे सेट खडूनं लिहीत, बेताचे, अगदी पुस्तकी. फळ्याकडे बघून कुणीही म्हणालं असतं की पोरं मजेत आहेत. पण फळ्यावरचे सेट संपले की काका भिंतीवरच्या शेंदरी मारुतीच्या तसबिरीकडे बघत आणि म्हणत, "आता त्याचा." हा मारुतीचा सेट. तो फळ्यावर लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, त्याची सूट मागायची नाही. नैवेद्य दाखवतो तसा तो दाखवायचा. देवाचं मोजायचं नसतं, असं काका म्हणत, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला ते इतकं सुंदर वाटे की अंगावर काटा येई. सुरुवातीला तो एकच असे. मग कुणाचं वजन वाढायचं थांबलं की काका फळ्याकडे बघत, तिथे त्यांना बेताचेच सेट दिसत, आणि ते म्हणत, मारुतीला भूक लागली आहे. मग मारुतीचे दोन होत, तीन होत, परीक्षेच्या दिवसांतही होत. पोरं थकून आणखी मागे पडत. काका पुन्हा फळ्याकडे बघत. बिल्कुल साधा माणूस होता, त्यानं जे मोजलं नव्हतं ते झालंच नव्हतं. त्या काळात विनयाला जिना उतरताना कठडा धरावा लागे. तिची पाळी महिनोन् महिने येईना. कॉलेजच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागे. हे सगळं भक्तीचं लक्षण आहे असं तिला वाटे. आता आठवलं की तिला त्या पोरीचीही चीड येत असे. पण पोरगी ती, तिला काय कळणार. कळायला हवं होतं ते काकांना.

पाठ गेली ती मारुतीच्याच सेटला. नॅशनलचं तिकीट आलेलं होतं, दिल्लीच्या संघाचा ट्रॅकसूट आईनं धुऊन इस्त्री करून ठेवला होता. फळ्यावरचं संपलं होतं, देवाचंही पहिलं झालं होतं. मग कमरेत डावीकडे, अगदी खाली, ओल्या फडक्याला पीळ बसावा तसं काहीतरी झालं आणि पाय मुंग्यांनी भरला. ती बार सोडून खाली बसली. काका आले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. जवळ बसून, अगदी मायेनं म्हणाले, "विनू, ऊठ. आता बसलीस तर बसूनच राहशील. अजून एक." आणि ती उठली. हीच गोष्ट ती पुष्करलासुद्धा, लग्नाला इतकी वर्षं होऊन, नीट सांगू शकली नव्हती. ती उठली आणि तिनं अजून एक मारला. डॉक्टर नंतर म्हणाला, पहिल्या झटक्यानं एवढं होत नाही, त्यानंतर काही केलंत का? आईनं सांगितलं, नाही हो, लगेच घरी आली. कॉलेजचं ते सबंध वर्ष दिवाणावर पडून गेलं. खिडकीतून समोरच्या क्वार्टराची पिवळी भिंत आणि वाळत टाकलेले दुसऱ्यांचे कपडे दिसत. एका शनिवारी काका खोबरं-गूळ घेऊन आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत स्वयंपाकघरात आईशी बोलत उभे राहिले. सरकारी क्वार्टरांच्या पातळ भिंती. "वहिनी, पोर ताकदीची आहे हो," ते म्हणाले, "भाव कमी पडला."

भाव कमी पडला. आईला ते पटलं, हे त्या वाक्याचं सर्वांत मोठं यश. कुमुद टिपणीस, एम. ए. झालेली बाई, त्या शनिवारपासून मारुतीला तेल घालायला जाऊ लागली, पोरीच्या भावात जी तूट पडली होती ती भरून काढायला. आजही, वडील निवृत्त होऊन ती दोघं पुण्याला गेली तरी, तिचा शनिवार चुकलेला नाही. विनयाला वाटे, पाठ गेली ते मी माफ केलंही असतं. पण माझ्या आईला माझ्यावर संशय घ्यायला लावला, तेही इतक्या प्रेमळ आवाजात. हे कसं सोडायचं?

आणि सोडलं होतं खरं तर. सोळा वर्षं तिनं बारला हात लावला नव्हता, काकांचं नाव काढलं नव्हतं. मग खुर्चीत बसून बसून पाठ पुन्हा धरली तेव्हा ऑफिसमधल्या कुणीतरी चेतनाकडे पाठवलं. चेतना मूळची पुण्याची, फिजिओ, शिस्तीची आणि फटकळ. तिनं थोडे आठवडे जमिनीवरचे व्यायाम करून घेतले आणि एक दिवस सरळ बार हातात दिला. चेतना म्हणाली, दोन सेट कर, मन लावून, आणि घरी जा. विनयानं दोन केले आणि उभीच राहिली. विचारलं, अजून एक मारू? चेतनानं कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "का?" हा प्रश्न विनयाला आजवर कुणी विचारलेलाच नव्हता. मग चेतनानं सांगितलं, पहिला नीट मारलेला सेट बहुतेक काम करून जातो. दुसरा थोडं घालतो, तिसरा त्याहून कमी. पुढेपुढे तू फक्त थकवा साठवतेस. फार वर जायचं असेल तर जास्त लागतात, नाही असं नाही, पण वजन वाढत राहायला जेवढं लागतं ते लोकांना वाटतं त्याच्या मानानं फारच कमी असतं. चहात साखर घालत राहिलं तर कपाच्या तळाशी बसते, एवढंच. विनया हसली होती आणि घरी आली होती. तेव्हा ती फक्त माहिती होती. एकशे पंचेचाळीस उचललं त्या सकाळी ती माहिती तिच्या हातात पुराव्यासारखी येऊन पडली.

मग सूड आपोआप चालत आला. आर. के. पुरमच्या जुन्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर एरवी संक्रांतीचे तिळगूळ आणि गुडघ्यांची औषधं येत. त्यावर एक जाहिरात आली: खुली डेडलिफ्ट स्पर्धा, स्थळ तेच बारातघर, मुख्य रेफरी शांताराम काका. ठराविक वजनाच्या पुढे जाणाऱ्यांची दिल्लीच्या संघासाठी नोंद होणार होती. विनयाच्या वजनी गटात तो आकडा एकशे पंचावन्न होता. आणि तिला डेडलिफ्टचा नियम आठवला. बार उचलून सरळ उभं राहिल्यावर तो आपल्या मनानं खाली ठेवता येत नाही. समोर खुर्चीत बसलेला मुख्य रेफरी हात खाली करून "डाऊन" म्हणेपर्यंत धरून ठेवावा लागतो. म्हणजे जो माणूस तेव्हा पुरे म्हणाला नाही, त्याला आता तिच्या तोंडाकडे बघत, नियमानं, खाली ठेव म्हणावं लागणार होतं. हे सुचलं तेव्हा ती मेट्रोत होती आणि तिला इतकं सुख झालं की राजीव चौकला उतरायचं राहून गेलं. त्यानंतरचं वाक्यही तिनं तयार केलं. बार ठेवायचा, त्यांच्याजवळ जायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, काका, मारुतीला दोनच पुरतात. हे वाक्य तिनं किती घासलं असेल याला गणती नाही. भाजी निवडताना घासलं, मीटिंगमध्ये आवाज बंद करून घासलं. पुष्करनं एकदा ऐकलं आणि म्हणाला, "यार विनया, त्यांना आठवत तरी असेल का?" ती रात्रभर त्याच्याशी बोलली नाही. आईला फोनवर फक्त एवढंच सांगितलं की स्पर्धा आहे, काका असतील. आईचा आवाज लगेच मऊ झाला. "अगं मग पाया पड हो त्यांच्या. तुझं किती केलं त्यांनी."

आणि ती पाया पडलीच. हे तिनं ठरवलेलं नव्हतं. बारातघराच्या दारात काका उभे होते, पिकलेले, जरा बुटके झालेले, निळ्या कोटावर रेफरीचा बिल्ला लावून. त्यांनी "कोण, विनू?" म्हटलं आणि तिचा हात त्यांच्या पायाला लागूनही गेला. रागावायची आठवण व्हायच्या आधीच. पाठीला सवय होती. काकांनी डोक्यावर हात ठेवला, बाबांची तब्येत विचारली, वहिनींना नमस्कार सांग म्हणाले. हॉल तसाच होता, छताला आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा होत्या, खुर्च्यांना लाल साटिनची आवरणं. स्टेजच्या जागी लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर बार, समोर काकांची खुर्ची, दोन्ही बाजूंना आणखी दोन रेफरी. काकांच्या खुर्चीच्या हाताला दोन बटणं, मान्यतेचं पांढरं आणि नाकारायचं लाल. मागच्या कोठारात पोरी अंग गरम करत होत्या. फळा तिथेच होता. मारुतीही, फक्त काच नवीन. काकांची सध्याची लाडकी पोर म्हणजे सृष्टी, विनयाच्याच वजनी गटातली, एकोणीस-वीसची, अबोल. ती बाकावर बसली होती आणि उठताना तिनं दोन्ही हात मांड्यांवर टेकले. विनयानं ते पाहिलं. एकोणीस वर्षांच्या पोरी तशा उठत नाहीत. तिनं विचारलं, इस हफ्ते आराम किया? सृष्टी म्हणाली, नहीं दीदी, कल भी बजरंगबली के थे. तिनं ते अभिमानानं सांगितलं. विनयाला दया यायला हवी होती. तिला आलं ते समाधान: म्हणजे बदलला नाहीयेस तू, बरं झालं. बदललेल्या माणसावर सूड उगवायला मजा येत नाही.

पहिला प्रयत्न तिनं सोपा ठेवला होता. दुसऱ्याला एकशे सत्तेचाळीस पूर्णांक पाच. ती चौथऱ्यावर चढली, बोटांना पावडर लावली, वाकली, आणि बार तिच्याबरोबर वर आला, एखादं जुनं जनावर ओळखीनं उठावं तसा. ती सरळ उभी राहिली. समोर काका होते. ते तिच्या गुडघ्यांकडे बघत होते, मग खांद्यांकडे, मग तोंडाकडे. हा तो क्षण होता, राजीव चौक चुकवून साठवलेला. बारची धार बोटांत रुतत होती आणि तिला वाटलं, म्हणू नका, जरा वेळ म्हणू नका, असंच बघत राहा. मग काकांचा हात खाली आला. "डाऊन." तिनं बार ठेवला. तिन्ही दिवे पांढरे. टाळ्या वाजल्या. छत्तिसाव्या वर्षी ती तिच्या एकोणिसाव्या वर्षापेक्षा मोठी झाली होती, आणि हे त्या माणसानं स्वतःच्या बोटानं मान्य केलं होतं. तिनं टेबलाशी जाऊन तिसऱ्यासाठी एकशे पंचावन्न सांगितलं. आता फक्त वाक्य उरलं होतं.

नेमका माइक बिघडला. कुणीतरी वायर शोधायला पळालं, बाकीचे चहाच्या थर्मासभोवती जमले, आणि काकाच उठून तिच्याकडे आले. त्यांचे डोळे भरलेले होते. विनयाचं तोंड उघडलं, पण ते आधी बोलले.

"मुरलं, विनू," ते म्हणाले. "बघ, लोणचं मुरायला वेळ लागतो. तेव्हा घातलेलं आज निघालं."

विनया म्हणाली, काका, मी आता आठवड्याला मोजून चार सेट करते. दोनदा, दोन-दोन. वर्षभर तेवढेच. तिनं घासलेलं वाक्य हे नव्हतं, पण त्या क्षणी तोंडातून हेच निघालं, एखाद्या ऑफिसातल्या बाईनं आकडे द्यावेत तसं. काका हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "करशीलच. बांधून झालेल्या घराला रोज विटा लागत नाहीत."

ती म्हणाली, माझी पाठ गेली होती, काका. हे ती इतकं हळू म्हणाली की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल. काकांनी मान हलवली, आठवल्यासारखं केलं. हां, तेव्हा जरा लचकली होतीस ना, म्हणाले, होतं तसं. मग वळून त्यांनी सृष्टीला हाक मारली, "सुना बेटा? सत्रह साल बाद भी निकलता है. आज से दो और, बजरंगबली के." आणि ते टेबलाकडे गेले, कारण वायर सापडली होती.

विनया कोठाराच्या दाराशी उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि कुणाचा तरी गळा दाबावासा वाटत होता. लचकली. दिवाणावरचं एक वर्ष, आईचे सगळे शनिवार, आणि शब्द हा. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. म्हातारा कदाचित बरोबर असेल. कसं सांगणार? तेव्हाच्या त्या सगळ्या सेटांचं काही ना काही हाडामांसात राहिलं नसेल कशावरून? चेतना म्हणेल, राहिलं असेल, शरीर विसरत नाही, पण निम्म्यात झालं असतं. काका म्हणतील, तेवढे होते म्हणून झालं. निवाडा करायला दुसरी एक विनया हवी होती, जी त्या कोठारात दोन सेट मारून वेळेवर घरी गेली, जिला पाळी येत होती, जी नॅशनलला गेली. ती विनया कुठून आणायची? तिनं सूड म्हणून आणलेलं वजन काकांनी हसत हसत आपल्या मारुतीच्या पायाशी ठेवून घेतलं होतं. आणि एकशे पंचावन्न? ते उचललं तर तेही तिकडेच जाणार. जितकं जास्त उचलेल तितका मारुती जाडा होणार. हॉलमधून बार चौथऱ्यावर आदळल्याचे आवाज येत होते, तिसरी फेरी सुरू झाली होती. सृष्टीचं वजन गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, थरथरलं, पडलं. लाल दिवे. ती चौथऱ्यावरून उतरली आणि बाकावर बसायच्या आधी तिनं हात टेकले. काका तिला प्रेमानं काहीतरी म्हणाले. काय म्हणाले असतील ते विनयाला न ऐकताही पाठ होतं.

तेव्हा तिनं बेल्ट सोडला. या वेळी बक्कल लगेच उघडलं. टेबलाशी जाऊन आपला प्रयत्न रद्द करता येतो, तो नियम तिला माहीत होता. ती गेली नाही. थर्मासमधून कागदी कपात चहा घेतला, भिंतीच्या कडेनं चालत हॉलच्या शेवटच्या रांगेत गेली आणि लाल साटिनच्या खुर्चीवर बसली. सृष्टीसाठी केलं, असं पुढे कधीतरी कुणाला सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं. त्या वेळी तिच्या मनात सृष्टी नव्हती. तिला फक्त त्या माणसाला रिकाम्या बारसमोर बसवायचं होतं. सर्वांत जड वजन सर्वांत शेवटी लागतं. पोरं प्लेटा चढवून बाजूला झाली. माइकवर आवाज आला: बार तैयार है, विनया टिपणीस. भिंतीवरचं घड्याळ, उचलायला मिळणाऱ्या एका मिनिटापासून, उलटं उतरायला लागलं.

काका कोठाराच्या दाराकडे बघत होते. चेहऱ्यावर तोच आनंद होता. आकडे उतरत होते, लोक वळून वळून बघायला लागले, पुन्हा तिचं नाव पुकारलं गेलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्यांना ती दिसली, शेवटच्या रांगेत, मांडीवर बेल्ट, हातात चहा. त्यांनी दोन बोटांनी खूण केली, ये. ती हलली नाही. ते खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला, विचारायला: पाठ?

हात डावीकडे गेला होता. डावीकडे, अगदी खाली. तिनं तेव्हा बार सोडून जिथे हात दाबून धरला होता, नेमका तिथे.

म्हणजे माहीत होतं. लचकली नव्हती, हे या माणसाला सतरा वर्षं माहीत होतं, बोटानं दाखवता येईल इतकं माहीत होतं. तिनं मान हलवली: नाही, पाठ ठीक आहे. पाठ उत्तम होती. तळहात गरम होते, पाय जमिनीला नीट लागले होते, आणि ते वजन आज उठलं असतं, हे तिला स्वतःचं नाव माहीत असावं तितकं पक्कं माहीत होतं. दिल्लीच्या संघाचा ट्रॅकसूट, आईनं पुन्हा इस्त्री केला असता. सगळं तिथे चौथऱ्यावर, हातभर अंतरावर, तयार होतं, आणि तिचे हात खरोखरच त्याच्याकडे ओढत होते. तिनं ते कपाभोवती घट्ट धरले.

"पुरे, काका," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण हॉल इतका शांत होता की ते पुढपर्यंत गेलं.

घड्याळ शून्यावर आलं. टेबलावरच्या माणसानं काकांकडे पाहिलं, आणि काकांना बटण दाबावं लागलं. लाल दिवा लागला. एकशे पंचावन्नाचं आता कुठेच काही लिहिलं जाणार नव्हतं, आणि ते उठलं असतं की नाही हे या हॉलमध्ये एकीलाच माहीत होतं. काकांना ते आता जन्मभर मोजता येणार नव्हतं. विनयाला बरं वाटलं. इतकं बरं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला तिनं हात मोकळा केला नाही. पोरं प्लेटा उतरवायला पुढे झाली. काकांनी त्यांना थांबवलं, रुको जरा, आणि खुर्चीत बसून भरलेल्या बारकडे बघत राहिले. त्यांचा हात अजून कमरेवरच होता. तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.